प्ल्युरल फ्लुइडमधल्या लिम्फोमाच्या पेशी सहा आठवडे वाढताहेत: याला सेल लाइन म्हणायचं का?

खारघर_कल्चर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

नमुना ठाण्यातल्या एका रुग्णालयातून आला: सुमारे ४०० मिली प्ल्युरल फ्लुइड (फुफ्फुसाच्या आवरणात साचलेलं पाणी), हेपरिन घातलेलं. निदान डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशींचा कर्करोग. रितुक्सिमॅब (बी-पेशींवरच्या सीडी२० ला चिकटणारं औषध) सुरू होण्याआधीचा नमुना आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाचं संमतीपत्र दोन्ही झालेलं आहे. १.०७७ घनतेच्या फायकॉलवर पेशी वेगळ्या केल्या आणि आरपीएमआय-१६४०, २० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), २ मिलीमोलर ग्लुटामिन, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन अशा मीडियममध्ये मिलीला २० लाख या हिशेबाने २४ खणांच्या प्लेटमध्ये लावल्या. पहिल्या दिवशीच्या पेशींच्या सहा व्हायल गोठवून ठेवल्या आहेत, प्रत्येकीत १ कोटी पेशी.

पहिले तीन आठवडे जिवंत पेशी कमीच होत गेल्या. चौथ्या आठवड्यात तीन खणांत तुतीच्या फळासारखे झुपके दिसू लागले. आता सहावा आठवडा चालू आहे. टी-२५ फ्लास्क भरलाय, मीडियम दोन दिवसांत पिवळं पडतं, ट्रिपॅन ब्लूवर ९० टक्क्यांच्या वर पेशी जिवंत आहेत.

प्रश्न असे: याला सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशी, म्हणता येईल का? एसटीआर प्रोफाइल (डीएनएचा ठसा) रुग्णाच्या रक्ताशी जुळलं तर तेवढं पुरेल का? आणि निधी मर्यादित असताना चाचण्या कुठल्या क्रमाने करायच्या?

पारसिक_हिल

आधी आजच्या आज एक काम करा. वाढणाऱ्या पेशींच्याही किमान पाच व्हायल गोठवा. ९० टक्के एफबीएस, १० टक्के डीएमएसओ, व्हायलीत ५० लाख ते १ कोटी पेशी, मिनिटाला १ अंशाने थंड, दुसऱ्या दिवशी नायट्रोजनच्या वाफेत. बाकी सगळं त्यानंतर.

आता मुद्द्यावर येतो. चौथ्या आठवड्यात अचानक झुपके येणं, मीडियम झपाट्याने पिवळं पडणं हे वर्णन वाचून पहिला संशय लिम्फोमाचा येत नाही, ईबीव्हीने (एपस्टाइन-बार विषाणूने) बाधित झालेल्या सामान्य बी-पेशींचा येतो. म्हणजे लिम्फोब्लास्टॉइड सेल लाइन, एलसीएल. बहुतेक प्रौढांच्या बी-पेशींत हा विषाणू निद्रिस्त असतो. टी-पेशींचा पहारा शरीरात असतो, फ्लास्कमध्ये तो चार-सहा आठवड्यांत ढिला पडतो. मग दहा हजारांत एखादी बाधित पेशी असली तरी ती सगळं कल्चर व्यापते आणि खऱ्या लिम्फोमाच्या पेशी तोवर मरून गेलेल्या असतात. लिम्फोमाच्या सेल लाइनमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

म्हणूनच एसटीआरबद्दलचा तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एसटीआर पुरत नाही. एसटीआर सांगतं की पेशी याच माणसाच्या आहेत. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या लाइनची सरमिसळ झालेली नाही एवढंच त्यातून ठरतं. पण एलसीएलसुद्धा त्याच माणसाची असते! ८० टक्क्यांच्या वर जुळणी आली की आपण निर्धास्त होतो आणि हातात असते रुग्णाची निरोगी बी-पेशी. गाठीच्या पेशीत एखाद्या ठिकाणचं अलील (त्या जागेच्या दोन प्रतींपैकी एक) गळालेलं असेल तर थोडा सुगावा लागतो, पण त्यावर विसंबू नये.

उंदराचंही तेच. इम्युनोडेफिशियंट (प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या) उंदरात गाठ आली म्हणजे पेशी कर्करोगाच्या, असा निष्कर्ष इथे चालत नाही. एलसीएलही अशा उंदरांत गाठी करतात. तेव्हा प्राणी समितीकडे अर्ज करण्याची घाई नको.

ठरवायचं असतं ते एकच: हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) रुग्णाच्या मूळ गाठीतलाच आहे का? त्यासाठी लागतो मूळ नमुना. तुम्ही पहिल्या दिवशीच्या सहा व्हायल ठेवल्यात, त्यामुळे हे काम होऊ शकतं. ज्यांनी ठेवल्या नसतील त्यांनी निदान पॅथॉलॉजीतून पॅराफिन ब्लॉकचे काप मागून घ्यावेत.

क्रम असा ठेवा, स्वस्तापासून महागाकडे:

पहिल्यांदा मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारा जीवाणू) पीसीआर. तो पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या कुठल्याच निकालाला अर्थ नाही.

मग ईबीव्ही. कल्चरच्या डीएनएवर ईबीएनए-१ या विषाणूच्या जनुकाचा पीसीआर आणि त्याच वेळी मूळ ब्लॉकवर ईबीईआर इन सिटू, म्हणजे विषाणूचा आरएनए पेशीतच रंगवून दाखवणारी चाचणी. ब्लॉक निगेटिव्ह आणि कल्चर ठळक पॉझिटिव्ह असेल तर ती एलसीएल, जवळपास नक्की. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर मात्र क्लोनपर्यंत जावंच लागतं. एक सावधगिरी: पीसीआर एका-दोन पेशींनीही पॉझिटिव्ह होतो. म्हणून कल्चरच्या पेशींचा २ टक्के अ‍ॅगरोजमध्ये सेल ब्लॉक करून त्याच्यावरही ईबीईआर लावा. किती टक्के पेशी बाधित आहेत ते डोळ्यांना दिसतं.

तिसरं, फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरची खुणेची प्रथिनं (सीडी क्रमांक) आणि अँटिबॉडीच्या हलक्या साखळ्या (कॅप्पा, लॅम्डा) मोजणं. सीडी१९, सीडी२०, सीडी१०, सीडी५, सीडी२३, सीडी३८, सीडी३, कॅप्पा, लॅम्डा. आणि मूळ व्हायलमधल्या पेशींवर त्याच दिवशी तेच पॅनेल. एलसीएलमध्ये सीडी२३ भरपूर आणि सीडी१० बहुधा नसतं. कॅप्पा-लॅम्डा लावण्याआधी पेशी कोमट पीबीएसने तीनदा धुवा. फ्लुइडमधली इम्युनोग्लोब्युलिन पेशींना चिकटून राहतात आणि दोन्ही साखळ्या पॉझिटिव्ह दिसतात. मग लोक त्याला नवा शोध समजतात.

नमुना फुफ्फुसाच्या आवरणातून आलाय म्हणून आणखी एक. सीडी१९ आणि सीडी२० दोन्ही नसतील आणि सीडी१३८ असेल, तर एचएचव्ही-८ हा हर्पिस विषाणू तपासा. प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा तसाच दिसतो.

आणि हो, रुग्णाला रितुक्सिमॅब मिळालेलं असतं तर सीडी२० झाकलं गेलं असतं. तेव्हा सीडी१९ आणि पेशीच्या आतलं सीडी७९ए यांवर भिस्त ठेवायची असते. इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

गुणसूत्र_ठाणे

पारसिक यांनी क्लोनचा मुद्दा काढला, तो पुढे नेते.

इम्युनोग्लोब्युलिनच्या जड साखळीच्या जनुकाची (आयजीएच) फेरजुळणी प्रत्येक बी-पेशीत वेगळी असते, म्हणून ती क्लोनची सही. बायोमेड-२ पद्धतीचे प्रायमर वापरा आणि जनुकाच्या तीन भागांचे (एफआर१ ते ३) तिन्ही संच लावा: एफआर१ चा पट्टा साधारण ३१० ते ३६० बेस, एफआर२ चा २५० ते २९५, एफआर३ चा १०० ते १७०. एकाच संचावर थांबू नका. या लिम्फोमात जनुकात जागोजागी उत्परिवर्तनं झालेली असतात, प्रायमर बसायची जागाच बदललेली असते आणि एखादा संच गप्प राहतो.

नुसतं 'एकच शिखर आलं, म्हणजे मोनोक्लोनल' एवढ्यावर समाधान मानू नये. एलसीएल सुरुवातीला अनेक क्लोनची असते, पण काही महिन्यांच्या पॅसेजनंतर (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हापुन्हा वाढवल्यावर) तिच्यातही एक-दोन क्लोन उरतात. शिखर एक आहे का यापेक्षा ते मूळ नमुन्याच्या शिखराच्या जागी आहे का, हे बघायचं. दोन्ही डीएनए एकाच रनमध्ये शेजारी-शेजारी चालवा. शंका राहिली तर सिक्वेन्सिंग करा. काही बेसचा फरक आला तरी घाबरू नका. रामोससारख्या लिम्फोमाच्या लाइन कल्चरमध्येही उत्परिवर्तन करत राहतात. सीडीआर३ (जनुकाचा सगळ्यात वेगळा असणारा भाग) चा गाभा तोच असला पाहिजे.

आता कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी आणि मांडणी. एलसीएल बहुधा ४६ गुणसूत्रांची सरळ असते, लिम्फोमा बहुधा नसतो. मीडियम बदलल्यावर २४ तासांनी, पेशी जोमात असताना काढणी करा. कोलसेमिड (पेशीविभाजन मध्येच थांबवणारं रसायन) मिलीला ०.०५ मायक्रोग्रॅम, एक ते दीड तास; रात्रभर ठेवलंत तर गुणसूत्रं आखडून ठिपके होतात, पट्टे वाचता येत नाहीत. ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं, मग मिथेनॉल-अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ३:१, तीन वेळा बदलून. पहिलं फिक्सेटिव्ह थेंबाथेंबाने, नळी हलवत घाला, नाहीतर गोळा होतो आणि तो सुटत नाही.

इथे आपल्या हवेचा मोठा वाटा आहे, आणि तो पुस्तकात सापडत नाही. स्लाइडवर थेंब टाकल्यावर तो किती वेळात सुकतो यावर मेटाफेज (विभाजनात थांबलेल्या एका पेशीची गुणसूत्रं) किती पसरेल ते ठरतं. साधारण ५० टक्के आर्द्रता आणि २५ अंश तापमान असलं की छान पसरतं. जुलै-ऑगस्टमध्ये खारघर-बेलापूरला आर्द्रता ८५ च्या वर जाते. थेंब सुकतच नाही, मेटाफेज फुटतो आणि एखाद-दोन गुणसूत्रं शेजारच्या मेटाफेजमध्ये जाऊन पडतात. मग ४४, ४५ असे आकडे येतात आणि पेशी हायपोडिप्लॉइड (गुणसूत्रं कमी असलेल्या) असल्याचं लिहिलं जातं. स्लाइड करायच्या खोलीत हायग्रोमीटर टांगा, डीह्युमिडिफायर लावा, तो नसेल तर एसी आधी तासभर चालवा. किमान २० मेटाफेज मोजा. गळती खरी असेल तर तेच गुणसूत्र निदान तीन मेटाफेजमध्ये नसलं पाहिजे. दर वेळी वेगळं गळत असेल तर दोष स्लाइडचा.

पट्टे वाचताना कुठे बघायचं: ८ आणि १४ ची अदलाबदल म्हणजे मिक जनुक, १४ आणि १८ म्हणजे बीसीएल२, ३ च्या लांब बाहूचं टोक म्हणजे बीसीएल६. रुग्णाच्या निदानात फिश (चमकत्या प्रोबने जनुक दाखवणारी चाचणी) झालेलं असेल तर तोच प्रोब कल्चरवर लावा. गाठीत मिक तुटलेलं आहे आणि कल्चरमध्ये २०० केंद्रकांत ते अखंड आहे, तर उत्तर मिळालं.

मानवी फीडर (आधारासाठी खाली ठेवलेल्या, न वाढणाऱ्या पेशी) वापरलं असेल तर डीएनए काढण्याआधी पेशी दोन-तीन पॅसेज फीडरशिवाय वाढवा. एमआरसी-५ या मानवी फीडर पेशींचा डीएनए मिसळला की एसटीआरमध्ये एकेका जागी तीन-चार अलील दिसतात आणि उगीच सरमिसळीची भीती पसरते.

महापे_एमआयडीसी

वरच्या दोन प्रतिसादांत शास्त्र आलं. मी फक्त संसर्गाबद्दल लिहितो, कारण या महिन्यांत आपल्या पट्ट्यात कल्चर जातात ती बुरशीने.

कल्चर रूममधून पुठ्ठ्याचे खोके आजच बाहेर काढा. पिपेटचे, हातमोज्यांचे, फ्लास्कचे, सगळे. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, त्यावर बुरशी धरते आणि खोका उघडताना बीजाणू हवेत उडतात. माल प्लॅस्टिकच्या डब्यात भरून आत न्या. एसीचं पाणी टपकत असेल तर हूडच्या वर तर नाही ना, ते बघा. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला, चिमूटभर कॉपर सल्फेट टाका. नळाचं पाणी नको.

पेनिसिलिन मायकोप्लाझ्माला लागू पडत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते; स्ट्रेप्टोमायसिनवरही भिस्त ठेवता येत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो जातो. मीडियम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त वाढ मंदावते आणि औषधांचे निकाल विचित्र येतात. तपासणीसाठी मीडियम बदलून तीन दिवस झालेल्या, भरगच्च फ्लास्कमधला सुपरनॅटंट (पेशींवरचं मीडियम) घ्या. आणि त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिकशिवाय वाढवा, म्हणजे दबलेला संसर्ग वर येतो. पीसीआरला डीएपीआय किंवा होख्स्टच्या (डीएनए चमकवणाऱ्या) रंगाची जोड द्या. केंद्रकाबाहेर बारीक चमकते ठिपके दिसले तर समजून जा.

पॉझिटिव्ह आलं तर फ्लास्क फेकून मागच्या स्वच्छ व्हायलवर जा. व्हायल नसेल तरच उपचार: सिप्रोफ्लॉक्सासिन मिलीला १० मायक्रोग्रॅम, दोन आठवडे, वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. औषध बंद केल्यावर दोन आठवड्यांनी आणि पुन्हा महिन्याने तपासा. औषध चालू असताना आलेला निगेटिव्ह मोजू नका.

नवीन मानवी नमुना आहे, विषाणूचा संशय आहे, तेव्हा काम क्लास-२ हूडमध्ये, बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) नियमांनी. कचरा ऑटोक्लेव्ह करूनच पिवळ्या पिशवीत.

नमुना ठाण्याहून येताना: ठाणे-बेलापूर रोडवर पावसात दोन तास अडकणं नेहमीचंच. थर्माकोलच्या पेटीत ४ अंशांचे जेल पॅक, पण नळी आणि पॅक यांच्यात कापडाचा जाड थर हवा. बर्फाला टेकलेली नळी काठाने गोठते आणि तिथल्या पेशी फुटतात. फ्लुइड असेल तर मिलीला १० युनिट हेपरिन पुरतं. गाठीचा तुकडा कोरडा किंवा फॉर्मलिनमध्ये आला तर उपयोग शून्य. शस्त्रक्रिया-गृहात आधीच मीडियमची नळी पोचवून ठेवा.

खारघर_कल्चर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिले निकाल आले: मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह. मूळ ब्लॉकवर ईबीईआर निगेटिव्ह. कल्चरचा सेल ब्लॉक मात्र जवळपास शंभर टक्के ईबीईआर पॉझिटिव्ह. मूळ पेशी लॅम्डा आणि सीडी१० पॉझिटिव्ह, कल्चरमध्ये कॅप्पा-लॅम्डा दोन्ही मिसळलेले, सीडी१० नाही, सीडी२३ भरपूर.

म्हणजे एलसीएलच. पहिल्या दिवशीच्या उरलेल्या व्हायलमधून पुन्हा प्रयत्न करायचा आहे. या वेळी काय वेगळं करू? आणि अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक घालून विषाणू थांबवता येईल का?

पारसिक_हिल

ताई, निकाल स्पष्ट आहेत. आयजीएच आणि कॅरिओटाइपवर आता खर्च करू नका. ही एलसीएल फेकू मात्र नका. संमतीपत्रात बसत असेल तर तिच्यासारखा निरोगी डीएनएचा साठा दुसरा नाही. गाठीतली उत्परिवर्तनं शोधताना तुलनेला लागेल. व्हायलवर 'एलसीएल' असं ठळक लिहा, कारण दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी ती लिम्फोमा समजून वितळवेल.

अ‍ॅसायक्लोव्हिरचा इथे उपयोग नाही. ते विषाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेजला अडवतं. एलसीएलमध्ये विषाणू निद्रिस्त असतो आणि त्याचा डीएनए पेशीच्याच यंत्रणेने, पेशीबरोबर दुप्पट होतो. ते चालूच राहतं. सायक्लोस्पोरिन तर चुकूनही घालू नका. त्याने टी-पेशींचा पहारा उठतो, एलसीएल मुद्दाम बनवताना ते वापरतात.

सगळ्या व्हायल एकदम काढू नका. दोन काढा. ३७ अंशांत दीड मिनिट, बर्फाचा हरभऱ्याएवढा खडा उरला की बाहेर. १० मिली कोमट मीडियममध्ये थेंबाथेंबाने सोडा, ३०० जी वर ५ मिनिटं. दोन तास सावरू द्या.

मग सॉर्टिंग, म्हणजे खुणेनुसार हव्या त्या पेशी यंत्राने वेगळ्या काढणं. तुमचं नशीब असं की गाठीच्या पेशी लॅम्डा आणि सीडी१० दोन्ही आहेत. सीडी१९, सीडी१०, लॅम्डा पॉझिटिव्ह आणि आकाराने मोठ्या, एवढाच गेट (निवडीची चौकट). निरोगी बी-पेशी फ्लुइडमध्ये सीडी१० फारशा दाखवत नाहीत, त्यामुळे बाधित पेशींपैकी बहुतेक इथेच गळतील. १०० मायक्रॉनचा नोझल, दाब कमी. या पेशी नाजूक असतात.

सॉर्ट केलेलं सगळं एका फ्लास्कमध्ये टाकलंत तर मागचीच गोष्ट पुन्हा घडेल. ९६ खणांच्या गोल तळाच्या प्लेटमध्ये खणाला १० ते २० हजार पेशी वाटा. एखादी बाधित पेशी निसटली तरी ती एक खण खाईल, बाकीचे वाचतील. वाढ दिसलेल्या प्रत्येक खणातून अर्ध्या पेशी काढून ईबीव्हीचा पीसीआर करा. पॉझिटिव्ह खण वेगळे काढा, निगेटिव्ह पुढे न्या.

खाली फीडर द्या. टी-पेशी आणि मॅक्रोफेज सॉर्टिंगमध्ये गेल्याने या पेशी एकट्या पडतात. ५० ग्रे किरणोत्सार दिलेल्या एमआरसी-५ चालतील. किरणांची सोय नसेल तर मायटोमायसिन-सी मिलीला १० मायक्रोग्रॅम, दोन ते तीन तास, आणि मग चार वेळा धुणं. नीट धुतलं नाही तर उरलेलं मायटोमायसिन तुमच्याच पेशी मारेल. सीडी४० लिगँड आणि आयएल-४ चा मोह होईल, पण ती जोडी निरोगी बी-पेशींनाही तितकंच वाढवते. निम्म्या खणांत घाला, निम्म्यांत नको.

मीडियम दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्मं बदला. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवू नका. प्लेट स्थिर ठेवून वरचं निम्मं हलक्या हाताने ओढा. सीरमचा लॉट आधी तपासून घ्या, तीन लॉट मागवून माहितीतल्या एखाद्या हट्टी लाइनवर. सीरम वापरण्याआधी ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवा. पहिले दोन महिने पातळ करायची घाई नको. मिलीला ५ लाखांच्या खाली गेलात की या पेशी माना टाकतात.

आणि हेही सांगायला हवं: बहुतेक नमुने लागतच नाहीत. सगळे खण दहा आठवड्यांनी रिकामे राहिले तर हात चुकला असं समजू नका.

गुणसूत्र_ठाणे

एक भर. लागलीच, तर 'लाइन' कधी म्हणायचं? सहा महिने ते वर्षभर सलग वाढ, गोठवून पुन्हा वितळवल्यावरही वाढ, आणि मूळ नमुन्याशी आयजीएचची जुळणी. दुपटीचा काळ आकड्यात द्या. मिलीला २ लाख लावलेल्या पेशी ७२ तासांत १६ लाख झाल्या, म्हणजे तीन दुपटी, म्हणजे २४ तास. मोजणी रोज, तीन फ्लास्कमध्ये. फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मोजलंत तर मधला सपाट भाग कळत नाही. कॅरिओटाइप आणि फ्लो सुरुवातीच्या पॅसेजला आणि पुन्हा सहा महिन्यांनी.

खारघर_कल्चर

दोन व्हायल सोमवारी काढते, सॉर्टरची वेळ मिळाली आहे. नावाबद्दल शेवटचं विचारते: रुग्णाच्या आद्याक्षरांवरून नाव द्यायची पद्धत दिसते, तसं करू का?

पारसिक_हिल

नको. हेला या सेल लाइनचं नाव, जिच्या पेशी होत्या त्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या नावावरूनच पडलं आणि त्यांच्या कुटुंबाला त्याचा किती त्रास झाला ते सगळ्यांना माहीत आहे. संस्थेचा किंवा गावाचा लघुसंकेत, आजाराचा संकेत आणि क्रमांक एवढं पुरतं. ठरवलेलं नाव आधी सेलोसॉरस या सेल लाइनच्या ऑनलाइन सूचीत शोधा, कारण एका नावाच्या दोन लाइन असल्या की पुढची कित्येक वर्षं लोक चुकीची पेशी मागवतात. तिथे नोंद झाली की आरआरआयडी हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो. मास्टर बँकेच्या (मूळ गोठवलेल्या साठ्याच्या) वीसेक व्हायल तयार झाल्या की काही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे ठेवायची चौकशी करा. एकाच टाकीत सगळा साठा ठेवू नये. आणि सोमवारी व्हायल काढताना तोंडावर शील्ड घाला, कारण द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेली व्हायल वितळताना फुटू शकते.